चौथ्या मजल्यावरचा चहा

अँटिबॉडीचे रिपोर्ट आले त्या दिवशी चौथ्या मजल्यावर पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. कोविड वॉर्डातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त आधीच्या आठवड्यात तपासायला घेतलं होतं. ज्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडतील त्याला कोरोना होऊन गेला, मग त्याला ताप आलेला असो वा नसो, असा त्याचा सरळ अर्थ. मार्चपासून ज्या शब्दानं सगळ्यांची झोप उडवली होती तोच शब्द आता लोक व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून सांगत होते.

"मी बी पॉझिटिव्ह हाय की!" तानाबाई मावशी फरशी पुसायचा मॉप तसाच हातात धरून म्हणाल्या. "सून रोज म्हणायची, आत्याबाई, तुमास्नी कसा काय होत न्हाय ओ? म्हटलं, आता दाखीवतो तुला कागूद. होऊन गेला आनि मला पत्ता बी लागला न्हाय!"

"मावशी, तुमाला बघून त्योच भ्याला असंल," वॉर्डबॉय गुंडूमामा म्हणाला.

"तुझं काय निघालं ते सांग आधी."

"पॉझिटिव्हच की. आता यम जरी आला तरी म्हणनार, पावणं, म्होरलं घर बघा."

सबिना नदाफ नर्सिंग काउंटरच्या कडेला उभी राहून आपला रिपोर्ट पुन्हा एकदा वाचत होती. नाव बरोबर होतं. वय बरोबर होतं. नमुन्याचा क्रमांकही तिनं ट्यूबवर स्वतःच्या हातानं लिहिला होता तोच. निकाल निगेटिव्ह होता.

खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सात महिने याच वॉर्डात काढले, माणसं डोळ्यांदेखत गेली, आणि तिला साधा संसर्गही झालेला नव्हता. पण शाळेत हजेरी घेताना बाईंनी सगळ्यांची नावं पुकारावीत आणि आपलंच नेमकं गाळावं, तसं काहीतरी तिला वाटलं. तिनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"सबिना, तुझं?" कुणीतरी विचारलं.

"निगेटिव्ह."

"अरेरे," ती व्यक्ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून, "म्हणजे बरंच की!"

निशिगंधा पाटील तेव्हा औषधांच्या ट्रॉलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

का निगेटिव्ह, हे सबिनाला कुणी सांगायची गरज नव्हती. कारण तिला माहीत होतं, आणि ते वॉर्डात नव्हतंच. वॉर्डात सगळे सारखेच जपत. ते पांढरे पोशाख, पाठीवर मार्करनं लिहिलेली नावं, दोन मास्क, वरून चेहऱ्यासमोर ती काच. सहा तास पाण्याचा घोट नाही. सबिना जेवढी जपायची तेवढीच निशिगंधा जपायची, तेवढाच गुंडूमामाही. फरक पडत होता तो त्यानंतर. पोशाख उतरवला, अंघोळ केली, की माणसं व्हरांड्याच्या शेवटच्या लिननच्या खोलीत जात. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले, मध्ये बसण्यापुरती जागा, कबुतरं आत येतात म्हणून एकुलती एक खिडकी कायमची बंद. खाली कॅन्टीन होतं, पण खाली जाऊन वर येईपर्यंत सुट्टी संपायची. म्हणून गेटासमोरच्या टपरीवरून किटलीत चहा यायचा. वर्तमानपत्र पसरून त्यावर भडंग ओतलं जायचं, वर कांदा, हिरवी मिरची, आणि सगळ्यांचे हात त्याच एका ढिगात. मास्क गळ्यात लोंबत असायचे. सहा तास कुणाचं तोंड बघितलेलं नसायचं, त्यामुळे तिथं माणसं जरा जास्तच मोठ्यानं बोलायची, जास्तच जवळ बसायची. ती खोली म्हणजे 'आपली' बाजू, स्वच्छ बाजू, असं सगळ्यांच्या मनात पक्कं होतं. रोग काचेपलीकडे. इकडे घरची माणसं.

खाण्यापिण्याला तिथं परवानगी नव्हती. ती खोली कुणाच्या हिशेबातच नव्हती, आणि म्हणूनच ती टिकून होती.

सबिनाही आधी तिथं बसायची. निशिगंधा आणि ती पाच वर्षांपूर्वी एकाच महिन्यात या हॉस्पिटलात लागल्या होत्या. निशिगंधाच्या डब्यातली भाकरी आणि सबिनाच्या डब्यातलं जे काही असेल ते, असं ते जेवण असायचं. कुठला डबा कुणाचा हे कधीकधी संध्याकाळी घासताना कळायचं.

मग एप्रिल आला. सबिना मंगळवार पेठेत खोली घेऊन राहायची. तिच्या गल्लीत एक पेशंट सापडला आणि दोन्ही तोंडांना बांबू बांधून गल्ली सील झाली. हॉस्पिटलचं ओळखपत्र दाखवून ती कामाला येत होती. त्याच दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर दुसरंही काहीबाही फिरत होतं. फळांना थुंकी लावणारे, नोटा चाटणारे, अमक्या धर्माचे, तमक्या धर्माचे. असला एखादा व्हिडिओ कुणीतरी बघत असायचं आणि सबिना आली की आवाज बंद व्हायचा.

एक दिवस ती नेहमीसारखी लिननच्या खोलीत जाऊन बसली. किटली फिरली. सगळ्यांपुढे कपबशा होत्या. निशिगंधानं पिशवीतून एक कागदी कप काढला, त्यात चहा ओतला आणि सबिनापुढे ठेवला. फक्त तिच्यापुढे. मग वर्तमानपत्राचा एक कोपरा फाडून त्यावर मूठभर भडंग वेगळं काढून दिलं.

कुणी काही बोललं नाही. सबिनानं चहा प्यायला. भडंगही संपवलं, कारण तसंच टाकून उठणं तिला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "नको, गर्दी टाळलेली बरी." आणि हे कारण इतकं शहाणपणाचं होतं की त्यावर कुणाला पुढं काही विचारताच आलं नाही. खुद्द सबिनालाही हळूहळू तेच खरं वाटू लागलं. ती आगीच्या वेळी वापरायच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायची. तिथं वारा चांगला होता. खालून आलेला प्रत्येक आवाज जिन्यात घुमून मोठा व्हायचा, त्यामुळे लिननच्या खोलीतलं हसणंही स्पष्ट ऐकू यायचं.

गडहिंग्लजहून अब्बांचा फोन यायचा. त्यांच्या छातीचं जुनं दुखणं होतं, म्हणून ती मार्चपासून घरी गेली नव्हती. "जेवलीस का? कुणासंगं जेवलीस?" ते विचारायचे. एकटीनं जेवायचं म्हणजे त्यांच्या लेखी उपाशी राहण्यासारखंच. "सगळ्यांबरोबर," ती सांगायची.

गल्ली सील होती म्हणून तो कप दिला, की दुसऱ्या कशासाठी? हा प्रश्न तिनं निशिगंधाला कधी विचारला नाही. ऑगस्टमध्ये निशिगंधा आजारी पडून त्याच वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर आली, तेव्हाही नाही. सबिनानं तिला पालथं झोपवलं, ऑक्सिजनची नळी नीट केली, दर थोड्या वेळानं येऊन बोटाला मशीन लावून बघितलं. ताप किती, सॅच्युरेशन किती, धाप लागते का, एवढंच ती बोलली. निशिगंधा बरी होऊन घरी गेली, पुन्हा कामावर आली, आणि दोघींत 'सात नंबरचं सलाइन बदललं का' यापलीकडे बोलणं उरलं नाही.

रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी डॉ. विश्वजित सर चौथ्या मजल्यावर आले. हॉस्पिटलमधल्या संसर्गाचं सगळं तेच बघत. तरुण होते, आकड्यांत रमणारे होते, आणि बोलताना समोरच्याऐवजी हातातल्या टॅबकडे बघायची त्यांना सवय होती.

"सिस्टर, तुम्ही म्हणजे कमाल आहात," ते म्हणाले. "या मजल्यावरचे जवळजवळ सगळे पॉझिटिव्ह. इतर मजल्यांवर असं नाही. आणि त्यातून तुम्ही पहिल्या दिवसापासून इथं असून निगेटिव्ह. याचा अर्थ इथं कुठंतरी गळती आहे, आणि तुम्ही तिच्यातून वाचलात. उद्या मीटिंगमध्ये तुम्ही सांगायचं, तुम्ही नेमकं काय वेगळं केलं. सोमवारी नव्या दहाबारा मुली जॉइन होताहेत. त्या तुमच्याकडून शिकतील."

"मी काही वेगळं केलं नाही, सर."

"तुम्हाला वाटतं तसं. आठवून बघा."

ते लिफ्टकडे वळले न वळले तोच तानाबाई मावशी कपड्यांच्या गाडीआडून बाहेर आल्या.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐक. लिननच्या खोलीचं नाव काढू नगंस. त्येवढीच एक जागा हाय बाई आमाला. मान्सं मरत्यात, बांधून खाली पाठवायची, आनि वर येऊन घोटभर च्या प्यायचा. त्यो बी बंद झाला तर आमी करायचं काय?"

"मावशी, तिथंच सगळ्यांना झाला."

"झाला आनि गेला! आता कुनाला व्हनार हाय? सगळी पॉझिटिव्ह."

"सोमवारी येणाऱ्या मुली नाहीत पॉझिटिव्ह. आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

मावशींनी गाडीचा दांडा धरला. "तू शिकलेली हाईस. तुज्याशी मी काय बोलनार," त्या म्हणाल्या आणि गाडी ढकलत निघून गेल्या.

त्या रात्री सबिनाला झोप लागली नाही. नव्या मुलींना त्या खोलीत बसू द्यायचं नाही, हे तर उघड होतं. वीस-बावीस वर्षांच्या मुली. त्यांच्या घरी म्हातारी माणसं असणार. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. विचार करण्यासारखं होतं ते वेगळंच. सांगताना तिला थोडा आनंद होईल का? सहा महिने जे हसणं ती जिन्यातून ऐकत आली ते उद्या तिच्या एका वाक्यानं बंद होणार होतं, आणि याचं तिला मनापासून वाईट वाटतंय की नाही, याची तिला खात्री देता येईना. शिवाय ते सांगितलं की ती त्या माणसांतून उठली ती कायमचीच उठली. आज ती नुसती लांब होती. उद्या ती चहाडखोर ठरली असती.

मीटिंग तळमजल्यावरच्या सभागृहात होती, एक सोडून एक खुर्ची रिकामी ठेवून. विश्वजित सरांनी पडद्यावर मजल्यांप्रमाणे आकडे दाखवले, चौथ्या मजल्याशी थांबले आणि म्हणाले, "आणि आता या मजल्यावरच्या सबिना सिस्टर आपल्याला सांगतील की त्या कशा वाचल्या."

टाळ्या वाजल्या. ती उठून उभी राहिली. दुसऱ्या रांगेतून तानाबाई मावशी एकटक बघत होत्या. मागं भिंतीला टेकून निशिगंधा उभी होती. सबिनानं रात्री मनात वाक्यं जुळवली होती. हवा खेळती हवी, मास्क काढून एकत्र बसणं, बंद खोली. ती सगळी वाक्यं क्रमानं तिच्या डोक्यात होती. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"मला कुणी चहाला बोलावलं नाही, सर."

सभागृह हसलं. गुंडूमामा तर मांडीवर थाप मारून हसला. सबिना सिस्टर कधी विनोद करत नसत, म्हणून लोकांना तो जास्तच आवडला. विश्वजित सरही हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांनी टॅबवरून मान वर केली.

"कुठल्या चहाला, सिस्टर?"

हसणं मागच्या रांगांपर्यंत जाऊन विरलं. मग तिनं सगळं सांगितलं. खोली कुठं आहे, खिडकी बंद असते, किती वेळ बसतात, कसं बसतात. कुणाचं नाव घेतलं नाही. कागदी कपाबद्दल एक अक्षर बोलली नाही. सर लिहून घेत होते. ती खाली बसली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

संध्याकाळी लिननच्या खोलीला कुलूप लागलं.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. कुणी भांडलं नाही. कामात कुणी अडवणूक केली नाही. फक्त ती काउंटरपाशी आली की बोलणं संपलेलं असायचं. गुंडूमामानं एकदाच, सिलिंडर बदलता बदलता, तिच्याकडे न बघता विचारलं, "सिस्टर, च्या बंद केलासा. आता ह्यो ऑक्सिजन बी बंद करतासा काय?" सोमवारी नव्या मुली आल्या. त्यांना ते व्हरांड्यातलं कुलूप लावलेलं दार दिसलं, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. सबिनानं त्यांना पोशाख चढवायला आणि उतरवायला शिकवलं. उतरवताना चुका होतात, घाई करू नका, हे प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलं. कुलपाकडे बघून तिला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं.

आठवड्यानं हॉस्पिटलनं गच्चीवर चहाची सोय केली. पाण्याच्या टाक्यांशेजारी लांब लांब रंगानं गोल आखले आणि प्रत्येक गोलात एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ज्यानं त्यानं आपला पेला घरून आणायचा, दारातल्या पिंपातून चहा घ्यायचा, आपल्या गोलात बसून प्यायचा, मास्क वर करायचा. जिन्यात बसायलाही आता मनाई झाली होती, त्यामुळे सबिनाला गच्चीवर जाणं भाग पडलं. तिनं अगदी कठड्याजवळची खुर्ची धरली. सगळी माणसं गोलागोलांतून बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. कुजबुजायची सोय नव्हती. शेजाऱ्याला काही सांगायचं तर बाजारात हाक मारावी तसं ओरडावं लागत होतं, आणि ते सगळ्या गच्चीला ऐकू जात होतं. म्हणून कुणी फारसं बोलतच नव्हतं.

निशिगंधा पेला घेऊन आली. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. ती सरळ कठड्याकडे आली आणि सबिनाच्या पलीकडच्या गोलात बसली. चहा न पिता मास्कमधूनच काहीतरी म्हणाली.

"काय?" सबिनानं विचारलं.

निशिगंधा पुन्हा बोलली. वाऱ्यात अर्धं उडून गेलं.

"ऐकू येत नाही."

"कप!" निशिगंधा ओरडली. "कागदी कप म्हणते मी! तुला बोलवलं नाही असं म्हणालीस ना तिथं? तू यायचीस की रोज. तो कप दिला म्हणून यायची बंद झालीस. आणि तो मी दिलता!"

दोनतीन माना वळल्या. सबिनाला वाटलं, उठून जावं. पण गच्चीचं दार लांब होतं आणि तिथवर सगळ्यांच्या गोलांमधून जावं लागलं असतं.

"मीटिंगमध्ये माझं नाव का नाही घेतलंस?" निशिगंधानं विचारलं. "घ्यायचं होतंस की. दवाखान्यात मी अकरा नंबरला पडले होते, तेव्हा तरी शिवी द्यायची. तू मला येऊन टेंपरेचर विचारायचीस. मला वाटायचं, आत्ता बोलेल, मग बोलेल. तू आपली सॅच्युरेशन लिहून पुढच्या खाटेला!"

सबिनाला ओरडून बोलायची सवय नव्हती. पाच वर्षांत या इमारतीत तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. पण आता हळू विचारायची सोयच नव्हती, आणि न विचारता आणखी सहा महिने काढायची तिच्यात ताकद उरली नव्हती. तिनं पेला खुर्चीच्या पायाशी ठेवला.

"का दिला होतास?" ती म्हणाली, आणि पुरेसं मोठ्यानं झालं नाही म्हणून पुन्हा, घसा ताणून, "का दिला होतास तो कप? आमची गल्ली सील होती म्हणून?"

गच्चीवर आता सगळेच ऐकत होते. निशिगंधानं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाट सबिनानंच करून दिली होती. गल्ली खरोखरच सील होती, कागदोपत्री होती, कुणालाही पटलं असतं, आणि दोघींना सुखानं चहा पिता आला असता.

"न्हाय," निशिगंधा म्हणाली. "गल्लीसाठी न्हवं."

तिनं पेला मांडीवर टेकवला.

"ते व्हिडिओ येत होते बघ. घरात दिवसरात्र तेच. सासू म्हणायची, तुझ्या त्या मैत्रिणीच्या डब्यातलं खाऊ नको. मी भांडायचे तिच्याशी. भांडायचे आणि इकडं येताना कप घेऊन आले." तिनं मास्क नाकावर ओढून घेतला. "आणि मला झाला कुठनं? तिथंच झाला. त्याच बशीतनं. माझ्यापासनं सासूला झाला. ती अजून जिना चढताना थांबती."

 उत्तर सबिनाला एप्रिलपासून माहीतच होतं, हे तिला आत्ता कळलं. विचारलं नव्हतं ते याच्यासाठी. निदान आता ते तिच्या एकटीच्या डोक्यात राहिलं नव्हतं. बाहेर आलं होतं, भर दुपारी, टाक्यांच्या शेजारी, गुंडूमामा आणि नव्या मुली आणि सगळ्यांच्या देखत.

"असू दे," असं म्हणायची पद्धत असते. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आले, पण ते खरे नव्हते, म्हणून तिनं म्हटले नाहीत. निशिगंधानंही माफीचा शब्द काढला नाही. ती मास्क खाली करून पेल्यात बघत बसली.

"झालं का तुमचं?" टाकीपलीकडून तानाबाई मावशींचा आवाज आला. "गार व्हाय लागलाय त्यो. च्या पिताना भांडू नये, अंगाला लागत न्हाय."

कुणीतरी हसलं. एकेकानं पेले तोंडाला लावले. सबिनानंही आपला पेला उचलला. तिनं मास्क खाली केला तेव्हा निशिगंधा तिच्याकडे बघत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच दोघींना एकमेकींचा पूर्ण चेहरा दिसत होता. निशिगंधा वाळली होती. गालाची हाडं वर आली होती. खाटेवर पालथी असताना हे सबिनाच्या लक्षात आलं नव्हतं.

चहा संपला. मग माणसं उठून पेले विसळायला जाऊ लागली. निशिगंधा उठली, दोन पावलं टाकून थांबली, पण सबिनाच्या गोलाच्या आत आली नाही.

"उद्या येशील न्हवं चहाला?" तिनं विचारलं.

सबिनानं जरा विचार केला.

"उद्या माझी सकाळची ड्युटी आहे," ती म्हणाली. "या वेळेला मी नसते."

"बरं."

निशिगंधा वळली. ती दारापाशी पोचत आली तेव्हा सबिनाला पुन्हा आवाज चढवावा लागला.

"परवा आहे!"